युद्धाचा एक फोटो तासभर कसा पाहावा

एका बैठकीत एकच फोटो दाखवा. फार झालं तर दोन. गावात युद्धाच्या फोटोंचा कार्यक्रम करू म्हटलं की शाळेतले सर म्हणतात, पन्नास लावू, सगळ्या लढाया एकदाच होऊन जातील. तसं प्रदर्शन मी पाहिलेलं आहे. लोक एका दारानं आत येतात, भिंतीच्या कडेनं चालत जातात, 'अरे बापरे' म्हणतात आणि दुसऱ्या दारानं चहाकडे निघतात. त्यांचा दोष नाही. एवढं दुःख एका दमात समोर आलं की कोणाचेही डोळे आपोआप पुढे सरकतात.

माझा वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात फोटो स्टुडिओ आहे, रोल धुण्याच्या काळापासून. थंडीत, कापसाची वेचणी आटोपत आली की रविवारी दुपारी आम्ही गावच्या वाचनालयात बसतो. आठवी ते बारावीची पोरंपोरी, त्यांच्या मागून आलेले चार-दोन म्हातारे, कधी अंगणवाडीच्या ताई. एक फोटो, एक तास. हे कोणालाही आपल्या गावात करता येईल, म्हणून पद्धत लिहून काढतो आहे.

आपल्या भागात लढाई झालेली नाही. पुलगावचा दारूगोळा डेपो जवळ आहे. ३१ मे २०१६ ला, मध्यरात्र उलटल्यावर, तिथे आग लागली तेव्हा आजूबाजूच्या गावांनी स्फोट ऐकले, लोकांनी अंधारातच घरं सोडली, आग विझवायला गेलेली माणसं परत आली नाहीत. लढाईच्या सामानाशी आपला जवळून आलेला संबंध तेवढाच. बाकी सगळी युद्धं आपल्याला फोटोतून माहीत. व्हिएतनाम म्हटलं की रस्त्यावर रडत धावणारी मुलगी. दुसरं महायुद्ध म्हटलं की डोंगरावर झेंडा उभारणारे सैनिक. १९७१ म्हटलं की टेबलावर वाकून सही करणारा जनरल. असा फोटो इतका ओळखीचा होतो की आपण तो पाहणंच सोडून देतो. नुसता आठवला तरी वाटतं, ती लढाई आपल्याला ठाऊक आहे. या तासाचा सगळा खटाटोप ही ओळख जरा बाजूला सारण्यासाठी आहे.

तयारी

फोटो छापून घ्या. प्रोजेक्टरच्या भरवशावर राहू नका. लाईन कधी जाईल सांगता येत नाही, आणि पडद्याजवळ जाऊन बोट ठेवायला गेलं की आपलीच सावली पडते. वर्ध्याच्या किंवा अमरावतीच्या कलर लॅबमध्ये बारा बाय अठरा इंचांची प्रिंट मिळते. कागद मॅट सांगा. ग्लॉसी कागद खिडकीसमोर चमकतो आणि अर्ध्या लोकांना फक्त खिडकी दिसते. फ्लेक्स नको, त्यावर बारीक तपशील फुटतो आणि आपल्याला तर बारीकच पाहायचं आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल लॅबला देऊ नका. ती दाबलेली असते, आणि बहुतेक वेळा कोणीतरी तिच्या कडा कापलेल्या असतात. हक्क संपलेल्या जुन्या फोटोंच्या मोठ्या फाइली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. अलीकडच्या फोटोंवर वृत्तसंस्थेचा किंवा फोटोग्राफरचा हक्क असतो. ते बैठकीपुरतेच वापरा, खाली फोटोग्राफरचं नाव लिहा, तिकीट लावू नका, आणि कुठल्या पक्षाच्या कार्यक्रमासाठी कोणी मागितले तर देऊ नका.

प्रिंट सुतळीला कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवा, बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, उजेड बाजूनं येईल अशी. सतरंजी टाका. खुर्च्या ठेवल्या की मोठी माणसं पुढे बसतात आणि मुलं मागे जातात.

फोटोखालची माहितीची ओळ झाकून ठेवा. ती आधी वाचली की लोक फोटोत तेवढंच शोधतात आणि सापडलं की थांबतात.

दोन गोष्टींत मी तडजोड करत नाही. सातवीच्या खालची मुलं असतील तर मेलेल्या माणसाचा चेहरा दाखवत नाही, फोटो कितीही मोठा असो. आणि गावातलं कोणाचं पोर त्या वेळी सीमेवर असेल तर आदल्या दिवशी त्या घरी जाऊन सांगतो, आम्ही उद्या हे दाखवणार आहोत. एकदा एका वहिनीनं 'नका दाखवू' म्हटलं, तेव्हा आम्ही त्या रविवारी पक्ष्यांचे फोटो पाहिले.

माणूस नसलेल्या फोटोपासून सुरुवात

पहिल्या बैठकीला रॉजर फेंटनचा फोटो घ्या, क्रिमियाच्या युद्धातला, १८५५ सालचा. ओसाड दरी, मधून रस्ता, तोफेचे गोळे. बस. पण तिथे एकाच जागेवरून काढलेले दोन फोटो आहेत. एकात गोळे कडेच्या चरात पडलेले आहेत आणि रस्ता मोकळा आहे. दुसऱ्यात ते रस्त्यावरही पसरलेले आहेत. दोन्ही शेजारी लटकवा आणि एवढंच विचारा, आधीचा कोणता?

मुलं जोरात भांडतात. एक गट म्हणतो, गाडी जायला रस्ता साफ केला असेल, म्हणजे पसरलेले आधी. दुसरा म्हणतो, फोटो चांगला यावा म्हणून कोणीतरी आणून टाकले. भांडू द्या. मग सांगा की एरॉल मॉरिस नावाच्या अमेरिकन माहितीपटकारानं यासाठी थेट क्रिमिया गाठलं होतं, आणि शेवटी उत्तर गोळ्यांत सापडलं नाही, उतारावरच्या बारीक दगडांत सापडलं. गोळे पसरलेल्या फोटोत ते दगड थोडे खाली घसरलेले दिसतात. दगड पायाच्या धक्क्यानं खाली येतात, आपोआप वर चढत नाहीत. म्हणजे मोकळा रस्ता आधी. आणि लोकांच्या लक्षात राहिला तो दुसरा.

एवढं झालं की मुलं पुढच्या प्रत्येक फोटोत आपणहून दगड शोधायला लागतात.

त्याच्या पुढच्या रविवारी लखनौचा सिकंदरबाग घ्या. फेलिचे बेआतोचा हा फोटो १८५८ च्या वसंतातला आहे. पडझड झालेली इमारत, पुढे काही माणसं, एक घोडा, आणि अंगणभर हाडं, कवट्या. १८५७ म्हटलं की आपल्या पुस्तकांतही हा फोटो येतो. इंग्रजी फौजेनं बंडातल्या शिपायांची सिकंदरबागेत केलेली कत्तल नोव्हेंबर १८५७ ची. बेआतो आला तो चार-पाच महिन्यांनी. मग हाडं अशी उघड्यावर, कॅमेऱ्यासमोर कशी? अभ्यासकांचं बहुतेक मत असं की ती फोटोसाठी उकरून मांडली गेली. इथे मी धंद्यातली एक गोष्ट सांगतो. त्या काळच्या काचेच्या प्लेटला काही सेकंद उजेड द्यावा लागायचा. हललेला माणूस धूसर यायचा. ही माणसं स्पष्ट आली आहेत, म्हणजे त्यांना कोणीतरी 'उभे राहा, हलू नका' असं सांगितलं होतं, त्या हाडांच्या शेजारी. मेलेले त्यांच्याच मुलखातले. एका मुलानं विचारलं, त्यांना मजुरी दिली असेल का? या प्रश्नावर बैठक अर्धा तास चालली.

आधी मोजा, मग बोला

आता माणसांचा फोटो. मी ट्रांग बांगचा घेतो, आठवीच्या वरच्या मुलांसाठी, मुख्याध्यापकांना आधी दाखवून. ८ जून १९७२, दक्षिण व्हिएतनाम. दक्षिण व्हिएतनामच्याच विमानानं टाकलेला नापाम, म्हणजे अंगाला चिकटून जळणारा बॉम्ब, आपल्याच गावकऱ्यांवर पडला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं फोटोग्राफर निक उट यांच्या नावानं फोटो जगभर पाठवला आणि १९७३ साली त्याला पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं पत्रकारितेचं मोठं पारितोषिक, मिळालं. यातलं काही आधी सांगू नका.

पहिली पंधरा मिनिटं 'वाईट वाटतं' हे म्हणायला बंदी ठेवा. वाईट तर वाटतंच, पण ते म्हणून झालं की पाहणं संपतं. पहिला प्रश्न: किती जण आहेत, मोजा. ज्यांनी हा फोटो आधी पाहिलेला असतो ते हमखास म्हणतात, एक मुलगी. मुलं पाच आहेत. डावीकडे तोंड वासून रडणारा मुलगा. त्याच्या मागे एक अगदी लहान. मध्ये अंगावर कपडा नसलेली, हात अंगापासून लांब धरून धावणारी मुलगी. उजवीकडे एकमेकांचा हात धरलेली दोघं. त्यांच्या पाठीमागे सैनिक, आणि सैनिक धावत नाहीत, चालताहेत. त्यांच्याही मागे धूर.

नवव्या वर्गातला एक पोरगा फोटोला नाक लावून उभा होता. तो म्हणाला, "काका, हे लहानं पोट्टं मांगं काहून पाहून रायलं?"

खरंच, बाकीचे सगळे आपल्याकडे येताहेत आणि ते एकटं मान वळवून मागे पाहतं आहे. मी काही बोललो नाही. मागून एक मुलगी म्हणाली, "त्याचं कोणी तरी मांगं राह्यलं असंन." त्या हल्ल्यात त्या मुलांच्या नात्यातली दोन मुलं गेली होती. हे मी नंतर सांगितलं.

मग नावं. बारीक चिठ्ठ्या करा आणि ज्याच्या त्याच्या शेजारी टाचणीनं लावा. फान थान ताम, डावीकडचा, त्या मुलीचा भाऊ. फान थान फुऑक, मागे पाहणारा, सगळ्यात धाकटा भाऊ. फान थी किम फुक, वय नऊ. उजवीकडे तिची नात्यातली भावंडं (सख्खी नव्हेत), हो वान बोन आणि हो थी तिंग. चिठ्ठ्या लागल्या की बैठकीचा आवाज बदलतो. आतापर्यंत 'ती', 'ते पोट्टं' चाललेलं असतं, आता मुलं नावानं बोलायला लागतात. आणि तिचे हात अंगापासून लांब का आहेत, हे सांगायची वेळ तेव्हा येते. अंगावरचे कपडे पेटले होते, ते तिनं ओढून टाकले होते, पाठ आणि डावा हात भाजला होता आणि ती 'खूप पोळतंय' असं ओरडत होती.

यानंतर चौकटीच्या कडा. वर्तमानपत्रांत छापलेला फोटो आणि पूर्ण निगेटिव्हचा फोटो यांत फरक आहे. उजवीकडचा भाग बहुतेक ठिकाणी कापलेला असतो. त्या भागात कॅमेऱ्याशी खटपट करणारा एक माणूस आहे. तो दिसला की कळतं, त्या रस्त्यावर मुलांसमोर बातमीदारांची फळी उभी होती. मी इथे हातातला जुना कॅमेरा उघडून दाखवतो. छत्तीस फोटो झाले की रोल संपला, नवा घालायला अर्धा-एक मिनिट, आणि तेवढ्यात समोरून पाच मुलं येतात.

शेवटची दहा मिनिटं फोटोच्या पुढच्या आयुष्याला द्या. मुलगी उघडी आहे म्हणून फोटो पाठवावा की नाही यावर असोसिएटेड प्रेसच्या सायगावच्या ऑफिसात वाद झाला. तिथले फोटो संपादक हॉर्स्ट फास यांनी तो पाठवायला लावला. २०१६ साली फेसबुकनं हाच फोटो नग्नतेच्या नियमाखाली काढून टाकला, नॉर्वेच्या एका दैनिकाच्या संपादकानं जाहीर पत्र लिहिलं, मग परत ठेवला. २०२५ साली फोटो नेमका कोणी काढला यावर नवा वाद उभा राहिला. वर्ल्ड प्रेस फोटो संस्थेनं निक उट यांच्या नावाची नोंद स्थगित केली, असोसिएटेड प्रेसनं ती कायम ठेवली. मुलांना दोन्ही बाजू सांगा, निकाल देऊ नका. आणि किम फुक यांचं स्वतःचं म्हणणं सांगितल्याशिवाय बैठक उठवू नका. त्या आता कॅनडात राहतात. २०२२ साली, पन्नास वर्षं झाल्यावर, त्यांनी लिहिलं की मोठी होताना या फोटोचा मला राग यायचा, आणि मी आता ती नापामवाली मुलगी राहिलेली नाही. फोटोतल्या माणसाला फोटोबद्दल काय वाटतं, हा प्रश्न आम्ही तेव्हापासून प्रत्येक फोटोला विचारतो.

आपल्या लढाईचा फोटो

परक्या देशाच्या फोटोवर शंका घेणं सोपं असतं. आपल्या विजयाच्या फोटोकडेही तितक्याच बारकाईनं पाहता येतं का, ही खरी परीक्षा. त्यासाठी १६ डिसेंबर १९७१ चा ढाक्याचा फोटो घ्या. मला स्वतःला हा फोटो फार प्रिय आहे, आणि म्हणूनच तो मी मुलांसमोर ठेवतो.

रमना रेसकोर्स मैदान. एक टेबल. पाकिस्तानचे लेफ्टनंट जनरल ए. ए. के. नियाझी सही करताहेत, शेजारी लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा बसलेत. मागच्या रांगेत व्हाइस अ‍ॅडमिरल एन. कृष्णन, एअर मार्शल एच. सी. दिवाण, लेफ्टनंट जनरल सगतसिंग, मेजर जनरल जे. एफ. आर. जेकब. उजव्या बाजूला मायक्रोफोन धरलेला माणूस शोधायला सांगा. ते आकाशवाणीचे वृत्तनिवेदक सुरजित सेन. म्हाताऱ्यांना हा माइक सापडला की त्यांच्या तोंडून रेडिओच्या आठवणी सुरू होतात. पारावर रेडिओभोवती जमलेली गर्दी, बातम्यांच्या वेळेला थांबलेलं काम. त्या तशाच बोलू द्या, मुलांना पुस्तकात हे मिळत नाही.

मग विचारा, या फोटोत कोण नाही? एकदा एक आजोबा, तूर सोंगून थेट शेतातून आलेले, बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "अन् ज्या लोकाईसाठी हे सारं झालं, ते कोठी हायेत याच्यात?" बांगलादेशसाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीच्या वतीनं ग्रुप कॅप्टन ए. के. खंदकर समारंभाला हजर होते, त्यांचे सरसेनापती ओस्मानी नव्हते. खंदकर तुमच्या प्रिंटमध्ये कुठे दिसतात का, हे मुलांना शोधू द्या. सुमारे ९३,००० युद्धकैदी झाले, ते अर्थातच चौकटीबाहेर. भारतात आलेले निर्वासित चौकटीबाहेर. ते पाहायचे तर रघु राय यांचे त्या वर्षीचे फोटो पाहावे लागतात, म्हणून दुसरा फोटो मी त्यांचा लावतो. पाऊस, चिखल, डोक्यावर बोचकं. दोन फोटो शेजारी आले की १९७१ ची लढाई एका टेबलाएवढी राहत नाही.

याच ढाक्यात दोन दिवसांनी, १८ डिसेंबरला, जाहीर सभेनंतर पाकिस्तानला मदत केल्याचा आरोप असलेल्या माणसांना संगिनींनी मारलं गेलं. हॉर्स्ट फास आणि मिशेल लॉरां यांनी ते टिपलं, १९७२ चं पुलित्झर त्याला मिळालं. तिथून काही फोटोग्राफर मात्र उठून गेले होते. कॅमेरे आहेत म्हणून हे चाललंय, आपण गेलो तर कदाचित थांबेल, असं त्यांना वाटलं. ते फोटो मी दाखवत नाही, गोष्ट सांगतो. थांबायचं की निघून जायचं, यावर आमच्याकडे आजपर्यंत एकमत झालेलं नाही, आणि व्हावं असा माझा आग्रहही नाही.

सहीचा फोटो अनेक वर्षं दिल्लीत लष्करप्रमुखांच्या दालनात होता. २०२४ च्या डिसेंबरात तो तिथून हलवून माणेकशॉ सेंटरमध्ये लावला गेला आणि पुष्कळ माजी अधिकाऱ्यांनी नाराजी बोलून दाखवली. फोटो कोणत्या भिंतीवर आहे याचीही माणसांना केवढी काळजी असते, हे मुलांना यातून दिसतं.

झेंड्यांचे फोटो

हे दोन एका बैठकीत चालतात, कारण दोन्हींत एकच हालचाल आहे.

२३ फेब्रुवारी १९४५, जपानचं इवो जिमा बेट, सुरिबाची डोंगर. जो रोझेंथल यांचा फोटो. त्या दिवशी डोंगरावर लागलेला हा दुसरा झेंडा. पहिला लहान होता, तो उतरवून मोठा लावला. सहा सैनिक आहेत आणि एकाचाही चेहरा नीट दिसत नाही. त्यातले तिघं त्याच बेटावर मारले गेले. यांची नावं अमेरिकेनं १९४७, २०१६ आणि २०१९ साली दुरुस्त केली. एवढा छापलेला, ज्याचा पुतळा झाला असा फोटो, आणि बरोबर नावं लागायला चौऱ्याहत्तर वर्षं. म्हणून मुलांना सांगतो, घरच्या फोटोवर नाव आजच लिहा.

दुसरा २ मे १९४५ चा, बर्लिनच्या राइशस्टागवर, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीवर, सोव्हिएत झेंडा. फोटोग्राफर येवगेनी खाल्देई यांनी लाल कापड मॉस्कोतून शिवून नेलं होतं. खालून आधार देणाऱ्या सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं होती. एक लुटीचं असेल असा संशय येऊ नये म्हणून निगेटिव्हवर खरवडून ते घालवलं, धूरही वाढवला. हे काम कसं करतात ते मी दाखवू शकतो, कारण आमच्या धंद्यात ते रोजचं होतं. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून उजेड, बारीक टोकाची पेन्सिल किंवा सुई. देवीचे व्रण, कपाळावरचा घाव, लग्नाच्या स्थळासाठी पाठवायच्या फोटोतला तिरळेपणासुद्धा. मुलांच्या हातात भिंग आणि एक जुनी रिटच केलेली निगेटिव्ह द्या. मोबाइलमधल्या फिल्टरबद्दल वेगळं भाषण करावं लागत नाही.

न काढलेले आणि न छापलेले

ही बैठक मी शेवटाकडे ठेवतो. फोटो थोडे, बोलणं जास्त.

६ ऑगस्ट १९४५, हिरोशिमा. योशितो मात्सुशिगे हे स्थानिक वर्तमानपत्राचे फोटोग्राफर. कॅमेरा होता, फिल्म होती, चोवीस फोटो निघाले असते. त्या दिवसाचे त्यांचे पाचच फोटो आपल्याकडे आहेत. मियुकी पुलाजवळ होरपळलेल्या शाळकरी मुलांसमोर ते कितीतरी वेळ बटण दाबू शकले नाहीत. दाबलं तेव्हा डोळ्यांतल्या पाण्यानं व्ह्यूफाइंडर धूसर झाला होता, असं त्यांनी पुढे सांगितलं. हिरोशिमा म्हटलं की आपल्याला आठवतो तो ढगाचा फोटो, म्हणजे बॉम्ब टाकणाऱ्यांच्या बाजूनं, वरून पाहिलेलं हिरोशिमा. खाली जमिनीवर त्या दिवशी काय होतं ते या पाच फोटोंत आहे. मी ढगाचा आणि पुलाचा शेजारी लावतो आणि एकच विचारतो, कॅमेरा कुठे उभा आहे?

१९९१ च्या आखाती युद्धात केन जॅरेकी यांनी ट्रकमध्ये जळून गेलेल्या इराकी सैनिकाचा फोटो काढला. अमेरिकेत तो वृत्तसंस्थेनंच पुढे जाऊ दिला नाही. लंडनच्या ऑब्झर्व्हर या वर्तमानपत्रानं छापला. त्या युद्धाची आठवण म्हणून लोकांकडे उरली ती टीव्हीवरची हिरवी रात्र आणि नेम धरून पडणारे बॉम्ब. हा फोटो आम्ही लटकवत नाही. मोठ्यांपैकी ज्याला पाहायचा त्याला बैठक संपल्यावर पाकिटातून काढून देतो.

मोबाइलवर आलेला फोटो

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत आपल्या गावांच्या ग्रुपवर काय काय आलं ते सगळ्यांनी पाहिलं. व्हिडिओ गेममधली विमानं खरी म्हणून फिरली, दुसऱ्या देशांतले जुने स्फोट कालचे म्हणून फिरले. यासाठी पद्धत लहान आहे. फोटो गूगल लेन्सला द्या. आलेल्या निकालांत सगळ्यात जुनी तारीख शोधा, पहिलाच निकाल खरा मानू नका. पाट्यांवरची लिपी, गाड्यांच्या नंबरप्लेटी, झाडं, सावल्यांची दिशा पाहा. व्हिडिओ असेल तर मध्येच थांबवून तो स्क्रीनशॉट शोधा. कुठल्याच वृत्तसंस्थेकडे, कुठल्याच फोटोग्राफरच्या नावावर तो नसेल तर पुढे पाठवू नका. सिकंदरबागेवर तासभर घालवलेला मुलगा हे दोन मिनिटांत करतो.

गावातला फोटो

शेवटचा रविवार गावातल्या माजी सैनिकांच्या घरचा. आमच्या गावातून महार रेजिमेंटमध्ये गेलेले एक काका १९७१ ला होते. त्यांच्या घरी एकच फोटो आहे, पलटणीत जाण्याआधी तालुक्याच्या स्टुडिओत काढलेला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कमान आणि कुंडी, पुढे विशीतला पोरगा. छातीवर बिल्ला नाही, हातात बंदूक नाही. बैठकीत तो लावला तेव्हा काकू पहिल्यांदा वाचनालयात आल्या, पुढे बसल्या, आणि मुलांनी त्यांना ते सगळे प्रश्न विचारले जे त्यांनी किम फुक यांच्या फोटोला विचारले होते. कोणी काढला, कोणत्या महिन्यात, शर्ट कोणाचा, तुम्ही तेव्हा कुठे होता. शर्ट धाकट्या दिराचा होता.

असा फोटो हाताळताना काळजी घ्या. फ्रेममधला फोटो काचेला चिकटलेला असेल तर काढायला जाऊ नका, वरचा थर काचेवर राहून जातो. काचेसकट कॉपी करा. उन्हात नको, दारातल्या सावलीत भिंतीला टेकवा, स्वतः काळा किंवा गडद कपडा पांघरून उभे राहा म्हणजे काचेत तुम्ही दिसणार नाही. मोबाइल फोटोच्या बरोबर समोर धरा, तिरका नको, फ्लॅश बंद. सुटा फोटो असेल तर मागे पेननं लिहू नका, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिलनं, हलक्या हातानं, कडेला लिहा: नाव, गाव, साल, शेजारी कोण उभं आहे, फोटो कोणाच्या घरी आहे. साल नक्की माहीत नसेल तर लग्नाआधी की नंतर, मोठा मुलगा झाला होता का, असं विचारत जा. बायकांना तारखा अशाच पाठ असतात आणि त्या बहुधा बरोबर निघतात.

घरच्यांना विचारल्याशिवाय कॉपी कोणत्याही ग्रुपवर टाकू नका. मूळ फोटो त्याच संध्याकाळी स्वतः नेऊन द्या, पोराच्या हाती पाठवू नका. आणि पुढच्या रविवारी कोणाच्या घरचा फोटो येणार, हे सतरंजी उचलण्याआधी ठरवून घ्या. मागाहून कोणी आणत नाही.